दोन पदव्या आणि एक ताळेबंद

(आपल्या वार्षिक मेळाव्यात 'मुलांचं शिक्षण आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'अकाउंटिंग'. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून हळूच आवाज आला, "पण तुम्ही तर बायोकेमिस्ट्रीवाल्या ना?" हो, मी बायोकेमिस्ट्रीवालीच. वीस वर्षं प्रथिनांवर काम करते आहे आणि पुढेही तेच करीन. पण माझी मुलगी इथल्या एका राज्य विद्यापीठात बिझनेस आणि अकाउंटिंग अशा दोन पदव्या एकत्र करते आहे. तिचं तिसरं वर्ष चालू आहे. या तीन वर्षांत तिची पुस्तकं मी चाळली, काही नीट वाचली, आणि जेवणाच्या टेबलावर तिच्याशी भरपूर वाद घातले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. मुद्दे तीनच आहेत. या शिक्षणात नेमकं काय असतं? दोन पदव्यांचा खटाटोप करावा का? आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या मंडळाचा याच्याशी काय संबंध?

आधी आपल्या मनातली एक उतरंड बोलून मोकळी होते. आपल्यापैकी बहुतेक जण दहावीनंतर सायन्सला गेले. ८५ टक्के पडले तर सायन्स, ६५ पडले तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. ही क्रमवारी कुणी लिहून दिली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. बासष्ट किलोच्या सामानाबरोबर ती आपण विमानातून इकडे आणली. माझ्या मुलीचा निर्णय कळल्यावर एका स्नेह्यांनी मोठ्या सहानुभूतीनं विचारलं, "प्री-मेडचं काही जमलं नाही का?" दुसरे म्हणाले, "चालेल हो, पुढे एमबीए करेल." ती जे शिकते आहे ते काय आहे, हे कुणीच विचारलं नाही.

म्हणून तिथूनच सुरुवात करू. 'डबल मेजर' आणि 'डबल डिग्री' यांत फरक आहे. डबल मेजर म्हणजे पदवी एकच, त्यात मुख्य विषय दोन. डबल डिग्री म्हणजे दोन स्वतंत्र पदव्या आणि दोन प्रमाणपत्रं. पहिल्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. दुसरीसाठी बऱ्याच विद्यापीठांत आणखी सुमारे ३० मागतात, म्हणजे जवळजवळ एका वर्षाचा अभ्यास. बिझनेस आणि अकाउंटिंगची पहिली दोन वर्षं बरीचशी सामाईक असतात. दोन्हींकडे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, थोडं कॅल्क्युलस, व्यवसाय कायदा आणि अकाउंटिंगचे दोन प्राथमिक कोर्स लागतात. त्यानंतर वाटा फुटतात. अकाउंटिंगच्या बाजूला इंटरमिजिएट अकाउंटिंगचे दोन कोर्स आहेत, आणि त्यांच्यापुढे आपलं ऑरगॅनिक केमिस्ट्री मवाळ वाटावं. शिवाय कॉस्ट अकाउंटिंग, टॅक्स, ऑडिटिंग आणि माहितीप्रणाली. बिझनेसच्या बाजूला मार्केटिंग, फायनान्स, ऑपरेशन्स, माणसांच्या संघटनांचं वर्तन, आणि शेवटच्या वर्षी सगळं एकत्र आणणारा स्ट्रॅटेजीचा कोर्स.

ही ३० जास्तीची क्रेडिट कुठून आली, त्यालाही इतिहास आहे. या देशात सीपीए, म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, होण्याचा पहिला कायदा न्यूयॉर्क राज्यानं १८९६ मध्ये केला. पुढे १९८० च्या दशकापासून फ्लोरिडासारख्या राज्यांनी अट घातली, की परवान्यासाठी १२० नाही, १५० क्रेडिट हवीत. हळूहळू ती अट देशभर पसरली. चार वर्षांत १५० क्रेडिट होत नाहीत. मग पाचवं वर्ष काढायचं, मास्टर्स करायचं, किंवा दुसरी पदवी जोडून घ्यायची. त्यामुळे डबल डिग्री करणारी मुलं केवळ ज्ञानाच्या ओढीनं ती करतात असं नाही. 'नाहीतरी १५० भरायचीच आहेत, मग दोन प्रमाणपत्रं तरी घेऊ' हा हिशेबही त्यात असतो. हिशेबाच्या विद्यार्थ्यांनी हिशेब केला तर आपण नावं ठेवू नयेत.

पण मला यातला शैक्षणिक भाग जास्त मोलाचा वाटतो. तो सांगण्यासाठी आपल्या ओळखीचं उदाहरण घेते, दिवाळीच्या फराळाचं.

समजा, आपल्यातल्या एखाद्या ताईंनी चकल्या विकायचं ठरवलं. १,००० डॉलरचं यंत्र घेतलं, ते पाच वर्षं टिकेल. भाजणी, तेल, डबे मिळून ६०० डॉलर गेले. प्रत्येकी २० डॉलरला ६० डबे गेले. त्यांतल्या १५ डब्यांचे पैसे अजून यायचे आहेत, कारण 'पुढच्या कार्यक्रमात देतो हं' म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. आता या ताईंना नफा झाला की तोटा?

गल्ला मोजला तर ९०० डॉलर आले आणि १,६०० गेले. म्हणजे ७०० डॉलरची तूट. अकाउंटंट वेगळं मांडतो. विक्री झाली १,२०० ची, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. सामान ६०० चं. यंत्र पाच वर्षांचं, म्हणून यंदाच्या वाट्याला घसारा २०० चा. नफा ४०० डॉलर. व्यवहार तेच, वही तीच, आणि दोन्ही उत्तरं बरोबर. एक प्रश्न 'हातात पैसे किती?' असा आहे, दुसरा 'वर्षभरात कमावलं किती?' असा. कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर लागू होतं हे ओळखणं, ही अकाउंटिंगची पहिली इयत्ता.

आता बिझनेसचा विद्यार्थी येतो. तो विचारतो, पुढच्या वर्षी ६० ऐवजी ३०० डबे करायचे तर काय लागेल? व्यावसायिक स्वयंपाकघराचं भाडं परवडेल का? किंमत २० ऐवजी २४ केली तर किती गिऱ्हाइकं तुटतील? त्याची नजर पुढे आहे, अकाउंटंटची मागे. एक म्हणतो 'वाढवू या', दुसरा म्हणतो 'आधी खरं काय ते बघू या'. या दोन सवयी स्वभावतः भांडखोर आहेत. त्या एकाच डोक्यात नांदायला शिकवणं, हा दुहेरी पदवीचा खरा फायदा.

आणि एक प्रश्न माझ्या मुलीनं विचारला, जो दोन्ही पुस्तकांत मला ठळक दिसला नाही. ताईंनी ८० तास राबून त्या चकल्या केल्या. ४०० भागिले ८०, म्हणजे तासाला ५ डॉलर. या देशाचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. म्हणजे ज्याला आपण नफा म्हटलं तो नफा नव्हताच. ती बाईची कमी मोलानं झालेली मजुरी होती, आणि ती वहीत कुठंच लिहिली गेली नव्हती. स्त्रीमुक्तीच्या चर्चेत हा मुद्दा आपण शब्दांत पुष्कळदा मांडलाय. इथे तो एका भागाकारात समोर आला.

मित्रहो, आता थोडं वहीबद्दल. नावे आणि जमा, प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू, ही पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरत असत. लुका पाचोली या गणितज्ञानं ती १४९४ साली छापील ग्रंथात मांडली. माझ्यासारखीला ती अगदी ओळखीची वाटते. आमच्याकडे वस्तुमान नाहीसं होत नाही, यांच्याकडे रुपया नाहीसा होत नाही. एका खात्यातून गेला तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात दिसलाच पाहिजे.

पण दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे वही खरी, असं मात्र नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीची वही जुळत होती. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बेरीज अचूक होती, फक्त पैसे नव्हते. बँकेला स्वतंत्रपणे विचारून शिल्लक पडताळणं हा ऑडिटिंगच्या अभ्यासक्रमातला अगदी सुरुवातीचा धडा असतो. तो धडा तिथे पाळला असता तर हजारो लोकांची बचत वाचली असती.

एन्रॉनचं नाव तर आपल्याला दोन्हींकडून माहीत आहे. १९९० च्या दशकात गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पावरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं होतं ते आठवा. घोषणा सगळ्यांनी दिल्या. पण पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या मंडळींनी वीज खरेदी कराराचे आकडे मांडून दाखवले, तेव्हा विरोधाला कणा आला. प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळानं खरेदी थांबवली. त्याच वर्षी, २ डिसेंबर २००१ ला, ह्यूस्टनची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या अनेक वर्षांत मिळेल असा अंदाज असलेला नफा, करार होताच आजच्या वहीत धरायचा, ही तिची एक सवय होती. तिच्या व्यापारी करारांसाठी ती पद्धत १९९२ मध्ये नियामकांनी मान्यही केली होती. आणि तिचे ऑडिटर, आर्थर अँडरसन, यांना २००० साली तिच्याकडून ऑडिटचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्लागारीचे त्याहून थोडे जास्त, सुमारे २ कोटी ७० लाख. ज्याची वही तपासायची त्याचाच सल्लागार व्हायचं! दोन वेगळ्या सवयी एका डोक्यात असाव्यात असं मी आत्ता म्हटलं. पण दोन वेगळी हितं एका पाकिटात असली की काय होतं, ते इथे दिसलं. २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा त्यातूनच आला, आणि त्यानं ऑडिटरनं त्याच गिऱ्हाइकाची कोणती सल्लागारी करू नये याच्या सीमा घातल्या. माझ्या मुलीला हे प्रकरण दोन्ही पदव्यांत शिकवलं गेलं. एकीकडे नेतृत्वाचं अपयश म्हणून, दुसरीकडे उत्पन्न कधी धरावं याचं उदाहरण म्हणून. दोन्ही वर्गांत बसली म्हणूनच तिला ते पूर्ण कळलं, असं ती म्हणते.

तिनं हा विषय का निवडला तेही सांगायला हवं. आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या आईनं निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. नाव सांगत नाही. दरवर्षी वार्षिक अहवाल घरी यायचा, गुळगुळीत कागदाचा, संचालकांच्या फोटोंसकट. दरवर्षी नफा वाढता. आई सर्वसाधारण सभेला जायची. तिनं दोनदा उभं राहून विचारलंही होतं, की थकलेली कर्जं किती आणि कुणाची? उत्तर मिळायचं, "मावशी, पुढच्या अहवालात देऊ." मग एका सोमवारी शटर उघडलं नाही.

ते जुने अहवाल आईनं जपून ठेवले होते. माझी मुलगी पहिल्या वर्षाचं अकाउंटिंग शिकून सुट्टीत आजीकडे गेली आणि ते घेऊन बसली. मराठी तिला अडखळत वाचता येतं. आजी शब्दाचा अर्थ सांगायची, नात आकड्याचा. तिसऱ्या दिवशी तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 'येणे व्याज'. वर्षानुवर्षं ही रक्कम फुगत गेली होती. ज्या कर्जदारांनी एक रुपयाही दिला नव्हता, त्यांच्याकडून येणं असलेलं व्याज संस्था उत्पन्न म्हणून धरत होती, आणि त्यालाच नफा म्हणून लाभांश वाटत होती. आपल्या चकल्यांच्या त्या १५ डब्यांसारखंच, फक्त हे पैसे कधीच येणार नव्हते. वसुलीची आशा नसलेलं व्याज उत्पन्नात धरायचं नसतं, एवढा साधा नियम. मुद्दाम सांगते, भारतात बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी आज रात्रीच फोन करून विचारा, पैसे नेमके कुठे आहेत.

आणि बँक असली तरी डोळे उघडे हवेत. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले तेव्हा बाहेर आलं, की एकाच बिल्डर समूहाची बुडीत कर्जं लपवायला २१ हजारांहून जास्त खोटी खाती दाखवली होती. पहिल्या दिवशी ठेवीदाराला काढता येत होते फक्त हजार रुपये.

आता तिसरा मुद्दा, आपल्या मंडळाचा.

महाराष्ट्रात वही आणि सत्ता यांचं नातं फार जुनं आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्या दंग्यांत माणसं मारण्यावर भर नव्हता. लोकांना हवी होती कर्जरोख्यांची कागदपत्रं आणि चोपड्या, आणि त्या मिळाल्या की त्यांची होळी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे वहीचा दुसरा उपाय काय, जाळणं! पुढे १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्यानं न्यायालयांना रोख्याच्या मागचा सगळा व्यवहार तपासायला सांगितलं, आणि सावकारानं पावती आणि खात्याचा उतारा द्यावा अशी तरतूद केली. म्हणजे जाळण्याच्या हक्काऐवजी पाहण्याचा हक्क आला, निदान कागदावर.

शंभरेक वर्षांनी राजस्थानात त्याच सूत्राला वेगळं वळण मिळालं. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपटं गावासमोर मोठ्यानं वाचली. कामावर न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. तिथून माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला जोर आला. २००५ साली तो कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद आली. सामाजिक अंकेक्षण म्हणजे ऑडिटच, फक्त ऑडिटरच्या खुर्चीत गाव बसलेलं. मग अकाउंटिंग हा 'धंदेवाल्यांचा विषय' कसा?

आणखी एक आठवण. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये वाणिज्य शिक्षणासाठी सुरू झालं. तिथे १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते, आणि त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ चा. बाबासाहेबांचं घटनेचं काम आपण सगळे सांगतो. पण चलन आणि सरकारी जमाखर्च यांवर त्यांनी किती घाम गाळला, हे आपल्या कार्यक्रमांत क्वचित येतं. आकड्यांची भाषा ज्यांच्या हाती, त्यांच्या हाती निर्णय, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

या देशातही त्या खुर्चीपर्यंत कोण पोचलं हे पाहण्यासारखं आहे. क्रिस्टीन रॉस यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कची सीपीए परीक्षा दिली. बाईला प्रमाणपत्र द्यावं की नाही या घोळात ते त्यांना मिळालं १८९९ च्या अखेरीला. पहिले कृष्णवर्णीय सीपीए जॉन क्रॉमवेल यांना परवाना मिळाला १९२१ मध्ये, तोही न्यू हॅम्पशायरमध्ये, कारण तिथे एखाद्या सीपीएच्या हाताखाली काम केल्याच्या अनुभवाची अट नव्हती. इतरत्र ती होती, आणि गोऱ्या फर्म काळ्या उमेदवाराला हाताखाली घेत नव्हत्या. कायद्यात वंशाचा शब्दही नाही, तरी दार बंद. शिकागोच्या मेरी वॉशिंग्टन वायली १९४३ मध्ये सीपीए झाल्या, पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांनी आपली फर्म अशा उमेदवारांसाठी उघडी ठेवली. अनुभवाची अट मोडता आली नाही, तर अनुभव देणारी जागाच उभी केली.

हे ध्यानात ठेवून पुन्हा त्या १५० क्रेडिटांकडे बघा. समर्थक म्हणतात, व्यवसाय गुंतागुंतीचा झालाय, शिक्षण जास्त हवं. त्यात तथ्य आहे. पण त्या ३० क्रेडिटांत अकाउंटिंगच शिका अशी सक्ती बऱ्याच राज्यांत नाही. मग ती अट गुणवत्तेची चाळणी की पैशाची? तुमच्या-माझ्या मुलांना पाचवं वर्ष परवडतं. जो मुलगा रात्री गोदामात काम करून दिवसा कॉलेज करतो, त्याला ते परवडत नाही. सुदैवानं आता राज्यांच्या हे लक्षात येतं आहे. ओहायोनं जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. त्यानुसार २०२६ पासून पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव या मार्गानंही परवाना मिळतो. इतरही अनेक राज्यांनी तसेच पर्यायी मार्ग खुले केले आहेत. म्हणजे 'दोन पदव्या कराव्यातच' हे आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. माझी मुलगी जे करते आहे ते तुमच्या मुलानं करावंच, असा माझा आग्रह नाही.

मग कुणी करावं? मी जे पाहिलं त्यावरून चार गोष्टी सांगते.

एक, दोन पदव्यांची नावं जवळची असतील तर आधी डबल मेजरचा विचार करा. पुष्कळदा तेच शिक्षण एक वर्ष कमी खर्चात होतं. हायस्कूलमधली एपी क्रेडिट, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचे कोर्स, यांनी ३० चा डोंगर बराच खाली येतो. ती क्रेडिट विद्यापीठ स्वीकारतं का, हे आधी लेखी विचारा.

दोन, ज्या राज्यात परवाना घ्यायचा त्या राज्याच्या बोर्डाचे नियम पहिल्याच वर्षी वाचा. अनेक राज्यांत १२० क्रेडिटवर परीक्षेला बसता येतं, परवाना नंतर मिळतो. जानेवारी २०२४ पासून परीक्षेत तीन सक्तीचे पेपर आणि एक निवडीचा असं स्वरूप आहे. प्रत्येकात ७५ गुण हवेत.

तीन, भाचे-पुतणे तिकडून बी. कॉम. करून येणार असतील तर त्यांना सांगा, की तीन वर्षांच्या पदवीची क्रेडिट इथे कमी भरू शकतात. मूल्यमापन करून घेतल्याशिवाय फी भरू नका.

चार, कष्टांबद्दल भ्रम नको. जानेवारी ते एप्रिल हा या व्यवसायाचा सुगीचा काळ, आणि सुगीत कुणी घड्याळ बघत नाही. २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार अकाउंटंटचा मध्यम पगार सुमारे ८० हजार डॉलर होता. चांगला आहे, पण सॉफ्टवेअरवाल्या शेजाऱ्याशी तुलना करणाऱ्याला तो खुपेल.

"पण हे सगळं आता यंत्र करणार ना?" असं विचारतील काही जण. नोंदी करायचं काम यंत्र करतंच आहे. पण 'हे व्याज कधी येणारच नाही, ते उत्पन्न म्हणून लिहू नका' असं संचालकांच्या तोंडावर सांगून त्याखाली सही करायला माणूस लागतो. त्या सहीची जबाबदारी घेणारा माणूस तयार करणं, हेच या शिक्षणाचं काम आहे.

आणि आपण सायन्सवाले तरी यापासून दूर कुठे आहोत? फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचनं जाहीर केलं, की संशोधन अनुदानावरचा अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्केच मिळेल. न्यायालयानं तो निर्णय अडवला. पण त्या काही आठवड्यांत माझ्या विभागात मी एक गोष्ट पाहिली. 'ओव्हरहेड' म्हणजे वीज, प्राणीगृह, विषारी कचऱ्याची विल्हेवाट, सुरक्षातपासणी, आणि तो दर विद्यापीठ आणि सरकार वाटाघाटी करून ठरवतात, हे सामान्य माणसाला दोन वाक्यांत सांगू शकणारी एकच व्यक्ती आमच्याकडे होती. ती कुणी नामवंत प्राध्यापक नव्हती. ती होती आमच्या ग्रँट ऑफिसमधली अकाउंटंट.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते आणि थांबते. पहिली, आपल्या कॉलेजमधल्या मुलांना व्हीटा या उपक्रमात पाठवू या. आयआरएसची चाचणी उत्तीर्ण झालेले स्वयंसेवक तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांचे करविवरण फुकट भरून देतात. अकाउंटिंग शिकत नसलेल्यांनाही ते जमतं. दुसरी, भारतातल्या संस्थांना पैसे पाठवणाऱ्या इथल्या ज्या संस्थांना आपण देणग्या देतो, त्यांचे फॉर्म ९९० सार्वजनिक असतात. एका रविवारी दुपारी जमून त्यांतले दोन एकत्र वाचू या. कुणावर संशय म्हणून नाही, वाचायची सवय म्हणून. तिसरी, आपल्या स्वतःच्या मंडळाचा जमाखर्च पुढच्या वार्तापत्रात सोप्या मराठीत, येणी-देणी वेगळी दाखवून छापावा. कोषाध्यक्ष माझ्याकडे बघताहेत. मी त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे, आणि उन्हाळ्यात घरी आली की माझी मुलगीही. शब्द अडला तर तिची आजी फोनवर आहेच.

आता प्रश्न विचारा.